जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) : एका शस्त्ररचनाकाराचा वारसा

प्रस्तावना

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. या घटनेचा तपशील मराठी वाचकास सुपरिचित आहे. लंडनमधील इंडिया हाउसचा आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले त्याच वर्षी हिंदुस्थानात आली होती. ती विनायक दामोदर सावरकरांनी पाठविली होती, हा सरकारपक्षाच्या आरोपाचा कणा होता. राउलट समितीच्या १९१८ च्या अहवालातही त्यांचा उल्लेख आहे. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपांपैकी दुसरी या हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून होती.

क्रांतिकार्यावरील आपल्या ग्रंथांतून ‘ब्राउनिंग’ हा शब्द वारंवार येतो. परंतु तो बहुधा वस्तूचे नाव म्हणून येतो. ते एका हयात माणसाचे आडनाव होते, हा माणूस त्या वेळी अमेरिकेच्या यूटा राज्यात राहत होता आणि त्याच वर्षांत तो अमेरिकन सैन्यासाठी दुसरे एक पिस्तूल सिद्ध करीत होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. व्यक्तीचे नाव वस्तूत इतके विरघळून जाणे ही कीर्तीची पराकाष्ठा मानावी की तिचा लोप, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात ब्राउनिंग यांच्या रचनांचा आणि त्या रचना ज्या व्यवहारातून जगभर पसरल्या त्या व्यवहाराचा परामर्श घेतला आहे. त्यांचा वारसा त्यांनी घडविलेल्या शस्त्रांइतकाच, किंबहुना अधिक, या व्यवहारात आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

ऑग्डेनची कार्यशाळा

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी यूटा प्रदेशातील ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर. मॉर्मन पंथाची दीक्षा घेतल्यावर पंथबांधवांबरोबर पश्चिमेकडे स्थलांतर करीत ते १८५२ मध्ये ऑग्डेनला येऊन स्थिरावले. त्यांना तीन पत्नी आणि बावीस अपत्ये होती. आडव्या सरकणाऱ्या पट्टीत अनेक काडतुसे बसवून लागोपाठ बार काढता येईल, अशी एक रायफल त्यांनी बनविली होती. मुलाच्या कर्तृत्वाचे मूळ शोधताना या रायफलीचा उल्लेख हमखास होतो. तथापि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वडिलांच्या दुकानाचे स्वरूप. रेल्वे येण्यापूर्वीच्या त्या वसाहतीत नवी बंदूक मिळणे दुरापास्त होते. जुनी, मोडकी, नाना बनावटींची हत्यारे दुरुस्तीसाठी येत. मुलगा जे शिकला ते या भंगारातून. कोणता भाग आधी झिजतो, कुठे मळ साचून अडकते, कोणती रचना शेतकऱ्याला वा गुराख्याला स्वतःच्या हाताने उघडता येत नाही, हे त्याने रोजच्या कामात पाहिले. मोजके भाग, दणकट जोडणी आणि सहज होणारी उकल हे त्यांच्या पुढील सर्व रचनांचे विशेष दुरुस्तीच्या या दुकानातून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिले पेटंट त्यांना ७ ऑक्टोबर १८७९ रोजी एकबारी रायफलीसाठी मिळाले. त्याच वर्षी वडील वारले आणि दुकानाचा भार जॉन व त्यांच्या भावांवर आला. भावांनी ही रायफल हाताने बनवून विकावयास सुरुवात केली. त्यांतील एक विंचेस्टर या बड्या कंपनीच्या नजरेस पडली आणि १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डेनला आले. रायफलीचे सर्व हक्क त्यांनी ८,००० डॉलरना विकत घेतले. १८८५ मध्ये ती विंचेस्टरच्या नावाने बाजारात आली. रचना ऑग्डेनची, कारखाना न्यू हेवनचा आणि नाव विंचेस्टरचे, अशी जी विभागणी इथे झाली ती पुढे जवळजवळ वीस वर्षे टिकली. १८८६, १८९२ आणि १८९४ या सालांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खटका खालीवर करून भरावयाच्या रायफली आणि १८९७ ची छऱ्यांची बंदूक ही सर्व ब्राउनिंग यांचीच निर्मिती. त्यांपैकी १८९४ ची रायफल सत्तर लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. अमेरिकन पश्चिमेची जी प्रतिमा चित्रपटांतून जगभर गेली तिच्या हातातली बंदूक बव्हंशी ‘विंचेस्टर’ आहे. रचनाकाराचे नाव त्या प्रतिमेत नाही.

विंचेस्टरने विकत घेतलेल्या रचनांपैकी अनेक कधीच कारखान्यात उतरल्या नाहीत. त्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत एवढ्यासाठीच घेतल्या होत्या. कल्पना विकत घेऊन कपाटात बंद करणे हाही औद्योगिक भांडवलशाहीचा एक रिवाज होता. ब्राउनिंग काही काळ त्याचे लाभार्थी होते, हे विसरता येत नाही.

वाया जाणारी शक्ती

ब्राउनिंग यांच्या चरित्राची बरीचशी सामग्री कुटुंबाच्या स्मृतींवर आधारलेली आहे. त्यांचे पुत्र जॅक ब्राउनिंग आणि कर्ट जेंट्री यांनी लिहिलेले चरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक आख्यायिकांचा उगम तिथे आहे. १८८९ मध्ये नेमबाजी पाहत असताना नळीतून सुटलेल्या वायूच्या झोताने पुढचे गवत वाकलेले त्यांना दिसले आणि ही शक्ती वाया का जावी, असा विचार सुचला, ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. गुरुत्वाकर्षणाच्या सफरचंदाप्रमाणेच ती सावधपणे घ्यावयास हवी. पेटंटांचे दप्तर मात्र विश्वसनीय आहे, आणि त्यावरून १८९० च्या आसपास ते या दिशेने काम करीत होते हे निश्चित होते.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. काडतूस पेटल्यावर निर्माण होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने बंदुकीला मागे ढकलतो. हायरम मॅक्सिम यांनी लंडनमध्ये १८८० च्या दशकात जी मशीनगन तयार केली ती या मागच्या धक्क्यावर चालत असे. ब्राउनिंग यांनी आरंभी निराळी वाट धरली. नळीच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून वायूचा थोडा अंश बाहेर घ्यावयाचा, त्याने एक दांडा हलवावयाचा आणि त्या दांड्याने रिकामे काडतूस फेकून नवे भरावयाचे. याच तत्त्वावरील त्यांची मशीनगन कोल्ट कंपनीने बनविली आणि १८९५ ची मशीनगन म्हणून ती अमेरिकन नौदलाने स्वीकारली. तिचा दांडा खाली झोके घेत जमीन उकरी, म्हणून सैनिक तिला बटाटे खणणारी म्हणत. आज जगातील बहुतेक सैन्यांच्या स्वयंचलित रायफली वायूच्या शक्तीवर चालतात. त्या साऱ्यांचे श्रेय एका माणसास देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण हे तत्त्व प्रयोगशाळेतून रणांगणावर नेणाऱ्यांत ब्राउनिंग अग्रणी होते, याविषयी वाद नाही.

पिस्तुलाच्या बाबतीत त्यांचे काम याहून मूलगामी आहे. २० एप्रिल १८९७ या एकाच दिवशी त्यांना स्वयंचलित पिस्तुलांची चार पेटंटे मिळाली. नळीला वरून झाकणारी आणि प्रत्येक बाराबरोबर मागेपुढे सरकणारी लोखंडी ‘स्लाइड’ आज इतकी परिचित आहे की तिचाही कोणी शोध लावला असेल असे मनात येत नाही. कमी शक्तीच्या काडतुसास या स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर पुरेसा असतो. जोरकस काडतुसासाठी गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून राहाव्या लागतात. ब्राउनिंग यांनी नळीच्या पाठीवर कंगोरे ठेवले. ते स्लाइडच्या आतील खाचांत बसत. दोन्ही मिळून किंचित मागे सरकल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकून कंगोरे सुटत आणि स्लाइड एकटी मागे जाई. झुकणाऱ्या नळीची ही युक्ती किरकोळ फेरफारांसह सोव्हिएत तोकारेवपासून ऑस्ट्रियन ग्लॉकपर्यंत सर्वत्र आढळते. पुढील शतकातील लष्करी पिस्तुलांच्या रचनाकारांपुढे पर्याय नव्हते असे नाही. जर्मन लुगर पिस्तूल वेगळ्या आणि देखण्या तत्त्वावर चाले. परंतु ते महाग होते, त्याचे भाग नाजूक होते. कारखान्यात कमी कुशल हातांनीही अचूक बनविता येईल अशी रचना ब्राउनिंग यांची होती, आणि म्हणून टिकली.

विंचेस्टरशी फारकत

या पेटंटांपैकी पहिले पिस्तूल अमेरिकेत नव्हे तर बेल्जियममध्ये तयार झाले. लिएजजवळील हेर्स्टाल येथे १८८९ मध्ये बेल्जियन सरकारसाठी माउझर रायफली बनविण्याकरिता ‘फाब्रिक नासिओनाल’ हा कारखाना स्थापन झाला होता. ते काम ओसरल्यावर त्यास नव्या उत्पादनाची निकड होती. कारखान्याचे प्रतिनिधी हार्ट बर्ग यांची १८९७ मध्ये ब्राउनिंग यांच्याशी गाठ पडली आणि ७.६५ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा करार झाला.

विंचेस्टरशी संबंध तुटले ते १९०२ मध्ये. छऱ्यांची पहिली यशस्वी स्वयंभरित बंदूक ब्राउनिंग यांनी सिद्ध केली होती. या वेळी मात्र त्यांनी एकरकमी किंमत नाकारून प्रत्येक नगावर स्वामित्वधन मागितले. बेनेट यांनी ते अमान्य केले. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेले, तर भेटीच्याच दिवशी तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे निधन झाले. तेव्हा बंदुकीचा नमुना घेऊन ते बेल्जियमला निघाले. हेर्स्टालने ती स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती उत्पादनात राहिली. इकडे या बंदुकीच्या पेटंटाचा मसुदा विंचेस्टरच्याच वकिलांनी इतका चोख केला होता की, तो चुकवून स्वतःची बंदूक आणण्यास कंपनीला १९११ साल उजाडले. बोल्टाला मूठ लावण्याची सोपी सोयही तिला वापरता येईना. नळी हाताने मागे दाबून बंदूक भरावी लागे, आणि त्यातून अपघात घडले.

हा प्रसंग केवळ दोन व्यापाऱ्यांमधील भांडण म्हणून सोडून देता येत नाही. एकरकमी विक्रीत रचनाकाराचा संबंध विक्रीबरोबर संपतो. स्वामित्वधनात तो प्रत्येक नगाशी जोडलेला राहतो. जितकी शस्त्रे विकली जातील तितके उत्पन्न. ती कोणाला विकली जातात, हा प्रश्न मात्र करारात कोठेही येत नाही.

हेर्स्टाल, नाशिक आणि साराएवो

युरोपात ‘ब्राउनिंग’ या नावाने विकली जाणारी पिस्तुले हेर्स्टालची होती. महायुद्धापूर्वीच त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली आणि बेल्जियमच्या राजाने ब्राउनिंग यांना ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान दिला. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे पिस्तुलासाठी सामान्यनाम झाले. या लोकप्रियतेचे कारण रचनेतच होते. रिव्हॉल्व्हरच्या फुगीर चक्राऐवजी चपट्या मॅगझिनमध्ये काडतुसे असल्यामुळे हे पिस्तूल कोटाच्या खिशात मावे आणि पेटीच्या चोरकप्प्यात एकावर एक रचता येई. किंमत मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली होती. पोलीस अधिकारी, सावकार, प्रवासी हा त्याचा अपेक्षित खरेदीदार. परंतु जे गुण त्यास सोयीचे तेच गुप्तपणे काम करणाऱ्यासही सोयीचे होते. बॉम्बची कृती शिकून हिंदुस्थानात पाठविणे आणि तयार पिस्तुले पाठविणे या दोन्ही वाटा त्या काळातील क्रांतिकारकांनी चोखाळल्या. दुसरी वाट युरोपच्या खुल्या बाजारामुळे शक्य झाली, हे लक्षात घेतले म्हणजे नाशिकच्या घटनेस जागतिक उद्योगाच्या इतिहासाची एक अनपेक्षित बाजू दिसते.

पाच वर्षांनी, २८ जून १९१४ रोजी, साराएवो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूलही हेर्स्टालचे होते, ब्राउनिंग यांच्या १९१० च्या रचनेचे. महायुद्धाची कारणे एका पिस्तुलात शोधणे अर्थातच हास्यास्पद ठरेल.

याच वर्षांतील दुसरी घटना अधिक बोलकी आहे. फिलिपाइन्समधील मोरो बंडखोरांशी लढताना अमेरिकन सैन्यास आपले ०.३८ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले. धावून येणाऱ्या माणसास जागीच थोपवील अशा जड गोळीची मागणी पुढे आली. तीनुसार ब्राउनिंग यांनी ०.४५ इंचाचे काडतूस आणि त्यासाठी पिस्तूल तयार केले. मार्च १९११ मधील चाचणीत त्यातून ६,००० फैरी एकदाही न अडता झाडल्या गेल्या आणि २९ मार्च रोजी ते सैन्याने स्वीकारले. १९८५ पर्यंत ते अमेरिकन सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. म्हणजे एका वसाहतीतील प्रतिकार मोडण्याच्या गरजेतून ज्या हाताने एक पिस्तूल घडविले, त्याच हाताचे दुसरे पिस्तूल दुसऱ्या वसाहतीत राज्यकर्त्याविरुद्ध उचलले गेले. ब्राउनिंग यांची सहानुभूती कोणाकडे होती, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ते निष्ठावंत अमेरिकन नागरिक होते आणि १८८७ पासून दोन वर्षे जॉर्जियात पंथप्रचारक म्हणून हिंडले होते. त्यांच्या धार्मिकतेत आणि व्यवसायात त्यांना विसंगती जाणवल्याचे त्यांच्या कृतीतून दिसत नाही. तंत्रज्ञ निरपराध असतो असे म्हणून त्यांना सोडून देणे सोपे, आणि रक्तपाताचा धनी म्हणून त्यांना दूषण देणे त्याहून सोपे. दोन्ही निवाड्यांत मधला कारखाना, त्याचे भागधारक आणि त्यास परवाने देणारी सरकारे नजरेआड होतात.

महायुद्ध आणि नंतर

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्याजवळ पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांची पाण्याने थंड होणारी, धक्क्यावर चालणारी मशीनगन आणि एका सैनिकास उचलून नेता येईल अशी स्वयंचलित रायफल या दोन्ही तयार होत्या. मशीनगनने चाचणीत २०,००० फैरी झाडल्या, नंतर आणखी २०,०००. ही शस्त्रे आघाडीवर पोचली ती सप्टेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना. त्यांचे हक्क ब्राउनिंग यांनी सरकारला साडेसात लाख डॉलरना दिले. स्वामित्वधनाच्या हिशेबाने त्यांना याच्या कितीतरी पट मिळाले असते. विंचेस्टरशी नगामागे पैशांसाठी संबंध तोडणारा हा माणूस स्वदेशाच्या सरकारपुढे मात्र एकरकमी किमतीस राजी झाला, ही बाब त्यांच्या स्वभावाविषयी अनेक आख्यायिकांहून अधिक सांगते.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात, पुत्र व्हाल यांच्या कचेरीत, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती. त्या वेळी दोन कामे अपुरी होती, आणि वारशाचा विचार करताना तीच सर्वाधिक उद्बोधक ठरतात.

पहिले पिस्तूल. फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून ब्राउनिंग यांनी ९ मिलिमीटरच्या नव्या पिस्तुलाचे काम हाती घेतले होते. ते हेर्स्टालचे रचनाकार द्यूदोने सेव्ह यांनी पुढे नेले. काडतुसे दोन रांगांत बसविणारे तेरा काडतुसांचे मॅगझिन ही सेव्ह यांची देणगी. १९११ च्या पिस्तुलावरील कोल्टचे पेटंटहक्क संपल्यावर त्यातील काही गुणही त्यांनी यात आणले. १९३५ मध्ये हे ‘हाय-पॉवर’ सिद्ध झाले. त्यास ब्राउनिंग यांचे नाव आहे, सेव्ह यांचे नाही. एकट्या प्रतिभावंताच्या मिथकाने सहकाऱ्यांना कसे झाकोळले जाते याचे हे नमुनेदार उदाहरण. १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम जिंकल्यावर हेर्स्टालमध्ये ते जर्मन सैन्यासाठी बनू लागले. तिकडे कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यात तेच पिस्तूल दोस्तराष्ट्रांसाठी तयार होत होते. ब्रिटनच्या आकाशात १९४० मध्ये लढणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पंखांतही ब्राउनिंग यांच्याच रचनेच्या आठ-आठ मशीनगन होत्या. युद्धानंतर इंग्लिसच्या नमुन्यावरून पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात हे पिस्तूल भारतीय सैन्यासाठी बनू लागले. ज्या नावाचे हत्यार बाळगणे १९०९ मध्ये राजद्रोहाचा पुरावा होता, त्याच नावाच्या परंपरेतील पिस्तूल स्वतंत्र भारताच्या सैन्याधिकाऱ्यांच्या कमरेला आले.

दुसरे अपुरे काम म्हणजे ०.५० इंचाची जड मशीनगन. महायुद्धाच्या अखेरीस जनरल पर्शिंग यांच्या मागणीवरून ब्राउनिंग यांनी ती आरंभली. त्यांच्या मृत्यूनंतर एस. जी. ग्रीन यांनी तिची अंगभूत चौकट अशी बदलली की, एकाच मूळ सांगाड्यापासून विमान, रणगाडा, जहाज आणि पायदळ या सर्वांसाठी प्रकार करता यावेत. १९३३ मध्ये ती एम-२ या नावाने स्वीकारली गेली. तिच्याबरोबर लढलेली बहुतेक विमाने आणि रणगाडे संग्रहालयांत गेले. एम-२ मात्र अमेरिकन सैन्यात आणि जगातील कितीतरी सैन्यांत अद्याप वापरात आहे, आणि तिच्या नव्या प्रतींचे उत्पादनही चालू आहे.